एका पायथन स्क्रिप्टमधून दुसरीत डेटा पोहोचत नाही? आधी मधली फाइल उघडा

दोन्ही स्क्रिप्ट सुट्या चालवल्या की बिनतक्रार चालतात. एकीचा डेटा दुसरीला द्यायला गेलं की घोळ. हे दुखणं मी इतक्या ठिकाणी काढलंय की आता फोनवर पहिलं वाक्य ऐकलं तरी अंदाज येतो. खाली तपासण्या ज्या क्रमाने लिहिल्यात त्याच क्रमाने करा. वरच्या फुकटच्या आणि दोन मिनिटांच्या आहेत, खालच्या वेळखाऊ.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय. एका दूध संकलन केंद्रावर दोन स्क्रिप्ट आहेत. 'गोळा' नावाची स्क्रिप्ट सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) एकत्र करते. 'बिल' नावाची स्क्रिप्ट त्यावरून उत्पादकांची दहा दिवसांची बिलं काढते. कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलेत, टाइप करताना नेहमीच्या स्पेलिंगनेच करा.

लक्षणं

- दुसरी स्क्रिप्ट 'जेसनडिकोडएरर: एक्स्पेक्टिंग व्हॅल्यू, लाइन १ कॉलम १' म्हणून थांबते (जेसन म्हणजे डेटा मजकुरात लिहायची एक पद्धत). किंवा त्याचाच भाऊ: 'एक्स्ट्रा डेटा, लाइन २ कॉलम १'.
- फाइल डोळ्यांसमोर फोल्डरमध्ये दिसते, तरी 'फाइलनॉटफाउंडएरर'.
- १२ आणि ८ ची बेरीज २० यायच्या ऐवजी १२८ येते.
- डिक्शनरीत १०१ ही की प्रिंट केल्यावर दिसते, पण मागितली की 'कीएरर: १०१'.
- मराठी नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन 'ए', त्याशेजारी चार कोपऱ्यांना मिशा फुटलेलं एक गोल चिन्ह, मधूनच येनचं चिन्ह, अशी माळ दिसते.
- हाताने चालवलं की चालतं, शेड्युलरने (ठरल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) चालवलं की नाही.
- थोड्या डेटावर चालतं, जास्त झाला की दोन्ही स्क्रिप्ट नुसत्या बसून राहतात. एरर नाही, काही नाही.
- कसलीच एरर नाही, बिलं छापून येतात, आणि आकडे कालचे असतात. यादीतलं सगळ्यात महागडं लक्षण हेच.

कोडला हात लावण्याआधी

बहुतेक जण एरर आली की थेट दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये शिरून ओळी बदलू लागतात. तसं करू नका. दोन स्क्रिप्ट म्हणजे दोन वेगळ्या प्रोसेस, आणि दोघींची मेमरी वेगळी. 'गोळा'मधला व्हेरिएबल 'बिल'ला कधीच दिसत नाही. मधून जातात ते फक्त बाइट: फाइलमधून, पाइपमधून (एकीचं आउटपुट थेट दुसरीला पोचवणारी नळी) किंवा कमांडच्या ओळीवरून. तेव्हा पहिला प्रश्न एकच. मधे नेमकं काय गेलं?

फाइल असेल तर ती नोटपॅडमध्ये किंवा कोड एडिटरमध्ये उघडा. एक्सेलमध्ये नाही, त्याचं कारण पुढे येईल. पाइप असेल तर दुसऱ्या स्क्रिप्टच्या अगदी पहिल्या ओळीत, काहीही पार्स करण्याआधी (मजकुराची फोड करण्याआधी), आलेल्या मजकुराची लांबी आणि त्याचा 'रेप्र' छापून बघा. नुसतं प्रिंट पुरत नाही. रिकामी ओळ, शेवटची स्पेस, सुरुवातीला चिकटलेलं अदृश्य चिन्ह हे प्रिंटमध्ये दिसत नाही, रेप्रमध्ये दिसतं.

लांबी शून्य आली तर दोष पहिल्या स्क्रिप्टमध्ये आहे, दुसरीला उगाच उसवू नका. मजकूर बरोबर आला आणि तरी दुसरी रडते, तर दोष दुसरीत. पाच मिनिटांच्या या कामाने निम्मी शोधाशोध वाचते, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात.

इम्पोर्टचा गैरसमज आणि फाइलचं नाव

'बिल'मध्ये 'फ्रॉम गोळा इम्पोर्ट एकूण' असं लिहिलं की मघाशी चालवलेल्या 'गोळा'तला आकडा मिळेल, असं पुष्कळांना वाटतं. मिळत नाही. इम्पोर्ट केल्यावर 'गोळा'चा सगळा कोड नव्या प्रोसेसमध्ये वरपासून खालपर्यंत पुन्हा चालतो आणि त्या नव्या फेरीतला आकडा मिळतो. मूळ स्क्रिप्टमध्ये 'गोळा' वजनकाट्याकडून डेटा ओढत असेल, तर तो दोनदा ओढला जातो. एकदा मला एकाच सकाळचं दूध दुप्पट दिसलं होतं, ते यामुळेच.

फक्त फंक्शन वापरायचं असेल तर इम्पोर्ट योग्यच आहे. चालवायचा भाग 'इफ नेम इज इक्वल टू मेन'च्या आत टाका, म्हणजे इम्पोर्ट करताना तो चालणार नाही. खरं तर दोन्ही स्क्रिप्ट तुमच्याच असतील आणि एकामागून एकच चालत असतील, तर फाइल-पाइपच्या भानगडीत पडूच नका. 'गोळा'चं एक फंक्शन करा, त्याने लिस्ट परत द्यावी, 'बिल'ने ती घ्यावी. पुढच्या अर्ध्या तपासण्यांची गरजच उरत नाही.

जाता जाता: तुमच्याच फोल्डरमध्ये 'जेसन.पीवाय' किंवा 'सीएसव्ही.पीवाय' नावाची फाइल नाही ना, तेही बघा. असेल तर पायथन आपली मूळ लायब्ररी सोडून तुमची फाइल उचलतं आणि 'जेसनमध्ये लोड्स नाही' अशी अजब तक्रार करतं. नाव बदला, विषय संपला. नवशिक्यांकडे हे हटकून सापडतं, आणि कधीकधी माझ्याकडेही.

स्क्रिप्ट कुठे उभी आहे?

'डेटा.जेसन' असं नुसतं नाव दिलं की पायथन ती फाइल स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये शोधत नाही. ज्या फोल्डरमधून कमांड दिली तिथे शोधतं. टर्मिनलवर तुम्ही त्याच फोल्डरमध्ये असता म्हणून चालतं. लिनक्सवरचा शेड्युलर, क्रॉन, होम फोल्डरमधून चालवतो. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये 'स्टार्ट इन'चा रकाना रिकामा ठेवला तर स्क्रिप्ट सिस्टिम३२ मध्ये उभी राहते आणि तिथे तुमची फाइल शोधते.

दोन्ही स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'ओएस.गेटसीडब्ल्यूडी' छापा. दोघींचं उत्तर वेगळं आलं की रोग सापडला. इलाज: फाइलचा पत्ता 'पाथलिब' मॉड्यूलमधल्या 'पाथ'ने स्क्रिप्टच्या स्वतःच्या जागेवरून काढा, म्हणजे डबल अंडरस्कोर फाइलचा रिझॉल्व्ह आणि त्याचा पेरेंट. मग कुठूनही चालवा.

याच जागेचा दुसरा प्रकार म्हणजे पायथनच वेगळं असणं. पहिली स्क्रिप्ट व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका कामापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथनमध्ये) चालते, आणि ती दुसरीला नुसतं 'पायथन' म्हणून हाक मारते. हाकेला ओ देतं ते सिस्टिमचं पायथन, आणि त्यात पांडाज ही तक्ते हाताळायची लायब्ररी नसते. 'पायथन' शब्दाच्या जागी 'सिस.एक्झिक्युटेबल' द्या, म्हणजे ज्या पायथनवर पहिली चालतेय त्याच्यावरच दुसरी चालेल.

बोलावलेली मेली होती का?

'सबप्रोसेस.रन'ने बोलावलेली स्क्रिप्ट मधेच पडली तरी बोलावणारी तिकडे ढुंकून बघत नाही. रिटर्नकोडमध्ये (स्क्रिप्ट संपताना देते तो आकडा, ० म्हणजे ठीक) १ येतो, तो कुणी वाचत नाही, आणि रिकामं आउटपुट जेसन म्हणून वाचायला जातं. तिथून येते ती प्रसिद्ध 'लाइन १ कॉलम १'. म्हणून 'चेक=ट्रू' कायम द्या. पडली की तिथल्या तिथे कळतं. आउटपुट पकडत असाल तर एरर आल्यावर 'एसटीडीएरर'मधला (एररसाठीच्या वेगळ्या वाटेवरचा) मजकूरही छापा, खरं कारण तिथे लिहिलेलं असतं.

'एक्स्ट्रा डेटा'वाल्यांचं दुखणं वेगळं. त्यांच्या डेटा पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये कुठेतरी 'प्रिंट: सुरुवात झाली' किंवा 'प्रिंट: झालं एकदाचं' असतं. माणसासाठी लिहिलेली ती ओळ जेसनच्या मागे-पुढे चिकटून त्याच पाइपमधून जाते. ओळ पुढे असेल तर पहिल्याच अक्षराला अडतं, मागे असेल तर एक्स्ट्रा डेटा. नियम ठेवा: स्टँडर्ड आउटपुटवर फक्त डेटा, माणसाशी बोलणं सगळं 'फाइल=सिस.एसटीडीएरर' लावून. आपली प्रिंट नसेल तरी एखादी लायब्ररी स्वतःच्या सूचना आउटपुटवर फेकत असते, म्हणून मी हल्ली डेटा पाइपने पाठवतच नाही. फाइलमध्ये लिहितो आणि पाइप गप्पांसाठी मोकळा ठेवतो.

आकडे, शून्यं आणि एक्सेल

कमांडच्या ओळीवरून दिलेली प्रत्येक गोष्ट पलीकडे स्ट्रिंग म्हणून पोहोचते. 'सिस.आर्गव्ही'मध्ये आकडा असा नसतोच. शून्याव्या जागेवर स्क्रिप्टचं नाव असतं, तुमचा डेटा १ पासून सुरू होतो. १२ आणि ८ चे १२८ होतात ते इथे. 'फॉल्स' हा शब्द पाठवून पलीकडे 'बूल' लावलं तर ट्रू मिळतं, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग ट्रू असते. 'आर्गपार्स'मध्ये टाइप म्हणून बूल दिलं तरी हेच होतं. हो-नाहीसाठी 'स्टोअर ट्रू' वापरा.

पत्त्यात स्पेस असेल, म्हणजे 'माझी बिलं' असं फोल्डर असेल, आणि कमांड एकाच लांब स्ट्रिंगमध्ये दिली असेल, तर तिचे दोन तुकडे होतात. कमांड लिस्ट म्हणून द्या, प्रत्येक भाग वेगळा. आणि अख्खा जेसन कमांडच्या ओळीवर टाकू नका. विंडोजवर नव्या प्रोसेसची अख्खी कमांड ३२,७६७ अक्षरांत बसावी लागते, जुन्या काळ्या खिडकीतून (सीएमडी) दिली तर ८,१९१ मध्येच. पन्नास उत्पादकांवर चालतं आणि गाव वाढलं की 'फाइलचं नाव फार लांब आहे' अशी दिशाभूल करणारी एरर येते. शिवाय ओळीवर दिलेला पासवर्ड त्या मशीनवरच्या इतरांना प्रोसेसच्या यादीत वाचता येऊ शकतो.

जेसनचे स्वभावदोष तीन. डिक्शनरीची की आकडा असेल तर तिची स्ट्रिंग होते, १०१ देता आणि परत मिळते ती कोटातली '१०१'. टपलची (न बदलता येणाऱ्या यादीची) लिस्ट होते. आणि तारीख तो घेतच नाही, 'डेटटाइम सीरियलाइज होत नाही' म्हणतो. तारीख 'आयसोफॉरमॅट'ने स्ट्रिंग करून पाठवा, पलीकडे 'फ्रॉमआयसोफॉरमॅट'ने परत घ्या.

सीएसव्हीचं, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलचं, दुखणं शून्यांत आहे. उत्पादक क्रमांक ००७. पांडाजने फाइल वाचली की तो आकडा समजून ७ करतो, आणि 'बिल'च्या यादीत ७ नावाचा उत्पादकच नसतो. वाचताना 'डीटाइप=स्ट्र' द्या, निदान क्रमांक, मोबाइल आणि खात्याच्या रकान्यांना तरी.

आता एक्सेल. केंद्रावरचा माणूस संध्याकाळी मधली सीएसव्ही 'नुसती बघायला' एक्सेलमध्ये उघडतो आणि बंद करताना सवयीने सेव्ह दाबतो. तेवढ्याने पुढची शून्यं जातात. १६ आकडी खातं '१.२३'च्या पुढे 'ई+१५' असं होऊन बसतं. एक्सेल आकड्याचे १५ अंकच धरतं, त्यामुळे शेवटचे अंक कायमचे गेलेले असतात, रकान्याचा फॉरमॅट बदलून ते परत येत नाहीत. मूळ फाइलवरूनच नव्याने काढावं लागतं. फाइल एक्सेलमध्ये नुसती उघडी राहिली असेल तर तिच्यात लिहायला गेलं की 'परमिशनएरर' येते. ती बरी म्हणायची. काम अडवते, पण डेटा खात नाही. 'सीएसव्ही युटीएफ-८' म्हणून सेव्ह केलं तर सुरुवातीला एक अदृश्य चिन्ह चिकटतं आणि पहिल्या रकान्याचं नाव डोळ्याला तेच दिसूनही जुळत नाही. वाचताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) 'युटीएफ-८-सिग' दिलं की ते चिन्ह गळून पडतं.

कुलकर्णी आले आणि स्क्रिप्ट पडली

मराठीत काम करणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळणारा भाग हा. इंग्रजीतल्या मदतीच्या पानांवर तो क्वचितच नीट सापडतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

या केंद्राच्या चाचणीच्या यादीत पाच नावं होती: जाधव, पवार, मोरे, पाटील, शिंदे. सगळं उत्तम चाललं. महिन्याभराने कुलकर्णी सभासद झाले आणि सकाळी सहाला 'युनिकोडडिकोडएरर: चारमॅप कोडेक बाइट ८१ वाचू शकत नाही' म्हणून सगळं ठप्प. सचिवांनी कुलकर्ण्यांचं नाव काढून बघितलं, चाललं. परत घातलं, पडलं. त्यांनी मला फोनवर सांगितलं, "या माणसाच्या नावातच काहीतरी आहे." आणि खरंच होतं.

युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, मात्रा, हलन्त, सगळं तीन-तीन बाइटचं असतं. पहिला बाइट (सोळा-आधारी लेखनात) कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५, तिसरा ज्याचा त्याचा. विंडोजवर पायथनला एन्कोडिंग सांगितलं नाही तर ते आजवर सिस्टिमचं जुनं कोडपेज, म्हणजे कुठला बाइट कुठलं अक्षर याचा तक्ता, धरत आलंय, आणि आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर ते १२५२ असतं. त्या कोडपेजात ई० म्हणजे रेघवाला लॅटिन 'ए', ए४ म्हणजे चलनाचं ते मिशाळ गोल चिन्ह, ए५ म्हणजे येन. लक्षणांतली माळ इथून येते.

पण १२५२ मध्ये पाच घरं रिकामी आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. तिथे कुठलंच अक्षर नाही. आणि आपल्या पहिल्या उकाराचा तिसरा बाइट ८१, हलन्ताचा ८डी, स्वतंत्र 'ए'चा ८एफ, 'ऐ'चा ९०, 'झ'चा ९डी. म्हणून सातारा, सांगली, नाशिक ही गावं कचरा म्हणून का होईना वाचली जातात, आणि पुणे, मुंबई, कोल्हापूर आली की स्क्रिप्ट पडते. पुण्या-मुंबईत उकार आहे, कोल्हापुरात 'ल्ह'. जाधवांपासून शिंद्यांपर्यंत पाचही नावांत ना पहिला उकार, ना जोडाक्षर. कुलकर्ण्यांच्या नावात दोन्ही.

मग आधीचा महिनाभर छापील बिलांवर नावं बरोबर कशी येत होती? कारण चूक दोन्हीकडे होती. वाचताना १२५२ ने चुकीचं वाचलं, लिहिताना १२५२ नेच चुकीचं लिहिलं, आणि बाइट जसेच्या तसे बाहेर पडले. मधे स्क्रिप्टच्या पोटात कचरा होता, पण पोटात कोण बघतो!

इलाज दोन्ही बाजूंना लागतो, एका बाजूला लावून उपयोग नाही. प्रत्येक 'ओपन'मध्ये 'एन्कोडिंग=युटीएफ-८' लिहा, वाचताना आणि लिहिताना दोन्ही. पाइप वापरत असाल तर बोलावणाऱ्या बाजूला 'सबप्रोसेस.रन'मध्ये 'एन्कोडिंग=युटीएफ-८' आणि बोलावलेल्या स्क्रिप्टच्या वरच्या ओळीत 'सिस.एसटीडीआउट.रीकॉन्फिगर' युटीएफ-८ ने. ही सोय ३.७ पासून आहे. कोडला हातच लावायचा नसेल तर 'पायथनयुटीएफ८' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा, तोही ३.७ पासूनचा. पायथन ३.१५ पासून युटीएफ-८ आपोआप धरायचं ठरलंय. पण केंद्रांवरची मशीनं बघता मी ते हाताने लिहिणं सोडणार नाही.

'टर्मिनलवर नीट दिसतं, दुसऱ्या स्क्रिप्टने घेतलं की फुटतं' याचंही कारण हेच. ३.६ पासून विंडोजच्या टर्मिनलवर पायथन युनिकोड नीट छापतं, पण तेच आउटपुट पाइपमध्ये गेलं की गाडी परत जुन्या कोडपेजवर. आणि पॉवरशेल ५.१ मध्ये 'पेक्षा मोठं' या खुणेने आउटपुट फाइलमध्ये वळवलं तर ती फाइल युटीएफ-१६ होते. 'पहिल्याच जागी बाइट एफएफ' अशी तक्रार आली की तिकडे बघा.

जेसन फाइलमध्ये नावांच्या जागी उलटी तिरकी रेघ, 'यू' आणि चार अंक-अक्षरं दिसली तर घाबरू नका, तो कचरा नाही. पलीकडे वाचल्यावर नाव बरोबर येतं. डोळ्यांना वाचायला हवं असेल तर 'एन्शुअर आस्की=फॉल्स' द्या.

कालचे आकडे, अर्धी फाइल

'गोळा' सहाला आणि 'बिल' सव्वासहाला लावलं होतं. पंधरा मिनिटं भरपूर वाटली होती. पावसाळ्यात नेट रेंगाळलं, 'गोळा'ला वीस मिनिटं लागली, आणि 'बिल'ने इमानदारीत समोर असलेली फाइल उचलली, म्हणजे कालची. एरर यायचं काही कारणच नव्हतं. कळलं ते एका उत्पादकाने पावती दाखवल्यावर. त्याची म्हैस आदल्या दिवशी आटली होती आणि पावतीवर सहा लिटर दूध होतं.

घड्याळावर दोन स्क्रिप्ट जुळवू नका. शेड्युलरमध्ये एकच काम ठेवा: 'गोळा' संपली आणि ठीक संपली, तरच 'बिल'. ते जमत नसेल तर फाइलच्या आत तारीख आणि नोंदींची संख्या लिहा. दुसरीने आधी तारीख आजची आहे का, संख्या जुळते का ते बघावं, नसेल तर आरडाओरडा करून थांबावं. थांबलेली स्क्रिप्ट परवडते, चुकीचं बिल वाटल्यावर घरोघर जाऊन परत मागणं परवडत नाही.

अर्धी फाइल हा याचाच धाकटा भाऊ. पहिली लिहीत असताना दुसरीने वाचलं की जेसन मधेच तुटलेला मिळतो. कधी लिहून झाल्यावर फाइल बंदच केलेली नसते, आणि शेवटचा तुकडा बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) अडकलेला असतो. 'विथ' वापरा, बंद आपोआप होते. त्याहून पक्कं करायचं तर त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहा, बंद करा, मग 'ओएस.रिप्लेस'ने खरं नाव द्या. वाचणाऱ्याला एकतर जुनी पूर्ण फाइल मिळते नाहीतर नवी पूर्ण फाइल, मधलं काही नाही. दोन्ही नावं एकाच ड्राइव्हवर हवीत, एवढी अट.

दोघी एकमेकींची वाट बघत बसल्या

'पीओपन'ने स्क्रिप्ट सुरू केली, आउटपुटला पाइप लावला, आणि न वाचताच 'वेट' म्हटलं. लिनक्सवर पाइपमध्ये साधारण ६५,५३६ बाइट मावतात. तेवढं भरलं की लिहिणारी थांबते, कोणी वाचेल म्हणून. बोलावणारी थांबलेलीच आहे, ती संपेल म्हणून. पहिले तुम्ही, पहिले तुम्ही, आणि दोघी रात्रभर तशाच. छोट्या डेटावर हे कधीच दिसत नाही. 'वेट' काढून 'कम्युनिकेट' वापरा, किंवा सरळ 'रन'. 'रन'ला 'टाइमआउट' द्यायची सवय लावली तर निदान सकाळी कळतं तरी.

ओळी एकेक करून यायला हव्यात आणि शेवटी एकदम येतात, तर ते अडकणं नव्हे. पाइपमध्ये पायथन आउटपुट साठवून पाठवतं. प्रिंटमध्ये 'फ्लश=ट्रू' द्या.

इथवर काही सापडलं नाही तर मधली फाइल काढून एसक्यूलाइट हा एका फाइलमधला छोटा डेटाबेस लावायचा विचार करा. तो पायथनसोबतच येतो. लावल्यावर दोनच तक्रारी येतात. लिहिलेलं दिसत नाही, म्हणजे 'कमिट' (लिहिलेलं पक्कं करणं) राहिला. 'डेटाबेस इज लॉक्ड', म्हणजे दुसऱ्याने पाच सेकंदांहून जास्त वेळ कुलूप धरून ठेवलंय, कारण पायथनमध्ये तेवढीच वाट बघायची मुदत आधीपासून असते. ती वाढवता येते, पण आधी कुलूप कोण धरून बसलंय ते शोधा. नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ही फाइल ठेवू नका, तिथे कुलुपांचा भरवसा नसतो.

पिकलबद्दल (पायथनच्या वस्तू जशाच्या तशा फाइलमध्ये ठेवायची पद्धत) एवढंच: दोन्ही स्क्रिप्ट तुमच्या असतील आणि फाइल तुमच्याच मशीनवर राहणार असेल तरच. बाहेरून आलेली पिकल फाइल उघडणं म्हणजे समोरच्याला तुमच्या मशीनवर हवा तो कोड चालवू देणं.

इथे हात थांबवा

पुढच्या गोष्टींत मी स्वतः माणूस बोलावतो, तुम्हीही बोलवा.

चुकीचे पैसे खात्यांत गेले असतील किंवा एकच बिल दोनदा गेलं असेल, तर स्क्रिप्ट परत चालवून 'दुरुस्त' करायला जाऊ नका. दोन्ही स्क्रिप्ट बंद करा, फाइलींची प्रत काढून बाजूला ठेवा आणि हिशेबनीसाला आधी कळवा, प्रोग्रॅमरला नंतर. एकाच फाइलमध्ये दोन-तीन मशीनवरून एकाच वेळी लिहिलं जात असेल तर वरच्या कुठल्याच उपायाने ते धकणार नाही, तिथे खरा डेटाबेस आणि तो सांभाळणारा लागतो. दोन स्क्रिप्ट वेगवेगळ्या मशीनवर असतील आणि मधे फायरवॉल असेल, तर पोर्ट उघडायची खटपट स्वतः करू नका, नेटवर्कवाल्याला सांगा.

आणि रिटर्नकोड एकदा बघाच. लिनक्सवर वजा ११ किंवा विंडोजवर ३२२१२२५४७७ आला, तर पायथनच्या खालची एखादी लायब्ररी मेमरीत चुकीच्या जागी गेलीय, तुमच्या ओळींत शोधून सहसा काही मिळणार नाही. वजा ९ म्हणजे प्रोसेस बाहेरून मारली गेली, बहुतेकदा मेमरी संपल्यामुळे सिस्टिमनेच.

बोलावताना सोबत एवढं द्या: मधल्या फाइलची एक्सेलमध्ये न उघडलेली प्रत, दोन्ही बाजूंचं पायथन व्हर्जन, जशीच्या तशी दिलेली कमांड, आणि एरर अगदी पहिल्या ओळीपासून. मोबाइलवर काढलेला शेवटच्या दोन ओळींचा फोटो नको. उत्पादकांचे खाते क्रमांक मात्र पाठवण्याआधी काढून टाका, पण ते काढताना प्रत एक्सेलमध्ये उघडू नका.